न्यूहेवनच्या मासेवाल्या: पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा फोटो वाचायचा कसा

एक बाई उभी आहे. अंगावर पट्ट्यापट्ट्यांचे जाड कपडे, शेजारी वेताची टोपली, नजर खाली जमिनीकडे. तिचं नाव एलिझाबेथ जॉन्स्टन हॉल. गाव न्यूहेवन. स्कॉटलंडची राजधानी एडिनबरा, तिच्या उत्तरेला फर्थ ऑफ फोर्थ नावाची मोठी खाडी आणि त्या खाडीच्या काठावरची ही मासेमारांची वस्ती. फोटो 1843 ते 1847 या दरम्यानचा. फोटो काढता येतो ही बातमी जगाला 1839 साली कळली, म्हणजे त्या गोष्टीला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती.

हा फोटो पहिल्यांदा बघताना मनात येतं, किती लाजरी बाई! मलाही तसंच वाटलं होतं. मग त्या काळचा कॅमेरा कसा चालायचा ते वाचलं आणि वेगळंच काही डोळ्यांसमोर आलं. भर उन्हात, तोंडावर सूर्य घेऊन, जराही न हलता बराच वेळ उभं राहायचं. अशा वेळी माणूस नजर खाली घेणार नाही तर काय करणार? ती लाजत असेलही. पण नुसत्या फोटोवरून ते ठरवता येत नाही. जुन्या फोटोतला चेहरा बघून आपण चटकन गोष्ट रचतो, आणि त्या गोष्टीचा बराच भाग उन्हाने आणि रसायनांनी आधीच लिहून ठेवलेला असतो. तो भाग बाजूला काढता आला की मग खरा माणूस दिसायला लागतो. म्हणून आधी हा फोटो तयार कसा झाला ते बघू, मग गावात जाऊ.

फोटो काढणारे दोघं. डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल हा चित्रकार, जन्म 1802, एडिनबऱ्याच्या कलावंतांत ओळखीचा माणूस. रॉबर्ट अ‍ॅडमसन त्याच्याहून 19 वर्षांनी लहान. सेंट अँड्र्यूज गावाजवळच्या शेतकऱ्याचा मुलगा, इंजिनियरिंग शिकायला गेला, पण तब्येतीने साथ दिली नाही. त्याचा थोरला भाऊ जॉन सेंट अँड्र्यूजमध्ये डॉक्टर होता. डॉक्टर जॉन आणि तिथल्या कॉलेजचे प्राचार्य, शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर, हे दोघे एका नव्या तंत्राच्या मागे लागले होते. कॅलिडोस्कोप शोधून काढणारे ते हेच ब्रूस्टर. तंत्राचं नाव कॅलोटाइप आणि ते शोधलं होतं इंग्लंडच्या विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी. टॅल्बटनी 1841 मध्ये इंग्लंडपुरतं पेटंट घेतलं, स्कॉटलंडमध्ये घेतलं नाही. त्यामुळे इंग्लंडात ज्या कामाला परवाना लागे, पैसे मोजावे लागत, ते सीमेपलीकडे स्कॉटलंडात कुणीही करू शकत होतं. पुढचं सगळं या एका गोष्टीमुळे शक्य झालं.

1843 च्या मे महिन्यात रॉबर्ट अ‍ॅडमसनने एडिनबऱ्यात कॅल्टन हिल टेकडीवर, रॉक हाउस नावाच्या घरात आपला स्टुडिओ सुरू केला. त्याच महिन्यात, 18 तारखेला, शहरात मोठी घटना घडली. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेतून शेकडो पाळक उठून बाहेर पडले. गावात पाळक कोण नेमायचा, हा अधिकार जमीनदाराचा की चर्चला येणाऱ्या गावकऱ्यांचा, यावरून हा वाद पेटला होता. बाहेर पडणाऱ्यांनी घर, पगार, देऊळ सगळं सोडलं आणि फ्री चर्च स्थापन केलं. हिल तिथे हजर होता आणि भारावून गेला. या प्रसंगाचं भलंमोठं चित्र काढायचं त्याने ठरवलं. पण शेकडो चेहरे काढायचे, आणि माणसं तर आपापल्या गावी पांगणार. ब्रूस्टर म्हणाले, अ‍ॅडमसनकडे जा, चेहरे टिपून ठेव. ते चित्र पुरं व्हायला 1866 साल उजाडलं. तोवर हिलच्या हातून चित्रापेक्षा कितीतरी मोठं काम होऊन गेलं होतं.

त्या चित्रात एक चेहरा मुंबईचा आहे. ज्यांचं नाव आपल्या विल्सन कॉलेजला आहे ते जॉन विल्सन स्कॉटिश मिशनरी होते. 1843 मध्ये ते मायदेशी निघाले तेव्हा त्यांच्यासोबत धनजीभाई नवरोजी हा तरुण होता. मुंबईतला पारशी, 1839 मध्ये ख्रिस्ती झालेला. पुढे 1846 साली एडिनबऱ्यात फ्री चर्चचा पाळक म्हणून त्याला दीक्षा मिळाली. हिल आणि अ‍ॅडमसन यांनी काढलेला त्याचा फोटोही आहे. न्यूहेवनच्या मासेवाल्यांना ज्या कॅमेऱ्याने टिपलं, तसल्याच कॅमेऱ्यासमोर, त्याच दोघांपुढे, मुंबईचा एक माणूस बसला होता. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या फोटोवरून पुढे सरकले नव्हते.

आता कॅलोटाइप म्हणजे काय, ते सांगते. यात काच नाही, फिल्म नाही. सगळा खेळ कागदावर चालतो. उत्तम प्रतीचा लिहिण्याचा कागद घ्यायचा. त्यावर ब्रशने सिल्व्हर नायट्रेटचं पाणी फिरवायचं, वाळवायचं, मग पोटॅशियम आयोडाइडच्या पाण्यात बुडवायचा. दोन्ही रसायनं मिळून कागदाच्या धाग्यांत सिल्व्हर आयोडाइड बसतं. हा कागद जपून ठेवता येतो. फोटो काढायच्या आधी अंधाऱ्या खोलीत, मेणबत्तीच्या मिणमिणत्या उजेडात, त्यावर आणखी एक हात फिरवायचा: सिल्व्हर नायट्रेट, अ‍ॅसिटिक आम्ल आणि गॅलिक आम्ल यांचं मिश्रण. गॅलिक आम्ल काढतात ओकच्या झाडावर येणाऱ्या गाठींतून. आपल्याकडे बाळगुटीत उगाळतात ते मायफळ त्याच जातीचं.

हा कागद कॅमेऱ्यात बसवायचा आणि समोरच्या दृश्याचा उजेड त्यावर पडू द्यायचा. बाहेर काढलं की कागद कोराच दिसतो. पण चित्र आत उमटलेलं असतं, नुसतं डोळ्याला दिसत नाही. पुन्हा तेच गॅलिक आम्लाचं मिश्रण फिरवून थोडी ऊब दिली की ते हळूहळू वर येतं. टॅल्बटचा मोठा शोध तो हाच. उन्हाने चित्र पूर्ण काळं होईपर्यंत थांबायची गरज नाही, उन्हाने नुसती सुरुवात करून द्यायची, बाकीचं काम रसायन करतं. तासाचं काम मिनिटावर आलं ते यामुळे. मग चित्र पक्कं करायचं, धुवायचं. मिळाली ती निगेटिव्ह, म्हणजे उजेड तिथे काळोख. तिच्यावर मेण चढवून ती पारदर्शक करायची, मीठ आणि सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या दुसऱ्या कागदावर दाबून उन्हात ठेवायची. उलट्याचं सुलट होतं. एका निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या प्रती निघतात. त्याच काळात फ्रान्समध्ये चालणारी दागेरोटाइपची पद्धत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर लखलखीत चित्र द्यायची, पण एकच. दुसरी प्रत नाही.

कागदाचे धागे चित्रात उतरतात, म्हणून कॅलोटाइप थोडं मऊ, कोळशाने रेखाटल्यासारखं दिसतं. हिलला तेच आवडायचं. 1848 च्या एका पत्रात त्याने लिहिलं आहे की कागदाचा हा खडबडीतपणाच कॅलोटाइपला बारकाव्यात मागे पाडतो आणि तोच त्याचा प्राण आहे. तो चित्रकार होता, यंत्राने काढलेल्या चित्रात माणसाचा हात दिसावा असं त्याला वाटायचं.

आता याचे परिणाम फोटोत कुठे दिसतात ते बघू. पहिला परिणाम स्थिरतेचा. चांगल्या उन्हातही अनेक सेकंद, कधी मिनिटाच्या वर थांबावं लागे. हलला की पुसला. म्हणून कुणी भिंतीला टेकलेलं, कुणी होडीला, कुणाचा हात हनुवटीखाली, कुणाची कोपरं मांडीवर. न्यूहेवनच्या बायका एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून बसतात, एकीचा हात दुसरीच्या पाठीवर. ते प्रेम आहे की आधार? माझ्या मते दोन्ही. ज्यांना रोज एकमेकींचा आधार घ्यायची सवय आहे त्यांनाच असं मोकळेपणाने टेकता येतं. अनोळखी माणसांना फोटोग्राफरने कितीही जवळ बसवलं तरी अंग आखडलेलंच राहतं. हसू का नाही, हेही इथेच कळतं. मिनिटभर हसू धरून ठेवून बघा, गाल दुखायला लागतील.

दुसरा परिणाम मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हा कागद सगळे रंग सारखे बघत नाही. त्याला फक्त निळा, जांभळा आणि त्यापलीकडचा न दिसणारा उजेड कळतो. लाल, पिवळा, नारिंगी त्याला जवळजवळ अंधारच. त्यामुळे निळं आकाश पांढरंफटक होतं आणि ढग गायब. निळे डोळे फिके, कधी भुतासारखे. लालसर केस काळे. उन्हाने रापलेली, तांबूस कातडी खऱ्यापेक्षा गडद आणि चेहऱ्यावरचे ठिपके ठळक. न्यूहेवनच्या बायकांचे पट्टेदार परकर खरे तर रंगीत होते. फोटोत त्यातला लाल किंवा पिवळा पट्टा काळा होऊन बसतो आणि निळा पांढऱ्यात मिसळतो. सोळा प्रकारच्या रंगांनी भरलेला बाजार आपल्याला दुखवट्यासारखा दिसतो तो या कागदामुळे. 'त्या काळची माणसं किती उदास' असं म्हणण्याआधी हे आठवावं.

तिसरी गोष्ट जागेची. उजेड हवा म्हणून सगळं बाहेर. रॉक हाउसच्या अंगणात खुर्ची, टेबल, पुस्तकं, पडदा मांडून घराच्या आतली खोली उभी केली जायची. उजेड वळवायला मोठा आरसा लावायचे. फोटोत दिवाणखाना वाटतो, असतो उघड्यावर. यात मदतीला जेसी मान नावाची बाई होती. अ‍ॅडमसनच्या स्टुडिओत ती नेमकं काय काय करायची याची फार नोंद उरलेली नाही, पण फोटोग्राफीच्या अगदी पहिल्या स्त्रियांत तिचं नाव घेतलं जातं.

मग हे सगळं मांडलेलं, बसवलेलं, तर ते खरं कसं? सेंट अँड्र्यूजमध्ये त्यांनी काढलेला एक प्रसिद्ध फोटो आहे. मासेमारांची गल्ली, रस्त्यावरच बायका आणि मुलं गळाला आमिष लावत बसलेली. इतकी माणसं एकाच वेळी दगडासारखी स्थिर राहिली, म्हणजे त्यांना तसं सांगितलं होतं, हे उघड आहे. पण गल्ली त्यांचीच, टोपल्या त्यांच्याच आणि हे काम त्या रोज तिथेच, उंबऱ्यासमोरच करायच्या. नाटक त्यांनी केलं ते फक्त न हलण्याचं. एवढा फरक मनात धरला तर असे फोटो फसवत नाहीत.

आता गावात जाऊ. न्यूहेवनमध्ये या दोघांनी सुमारे 130 फोटो काढले. 1844 मध्ये फोर्थच्या मासेमार स्त्री-पुरुषांवर फोटोंचा स्वतंत्र ग्रंथ काढायची जाहिरातही दिली. तो निघाला नाही. पण एका वस्तीच्या रोजच्या जगण्याची, ठरवून केलेली इतकी मोठी फोटोमालिका त्याआधी कुणी केल्याचं दिसत नाही.

न्यूहेवनमध्ये पुरुष समुद्रावर जात आणि बाकी जवळजवळ सगळं बायका बघत. लांबच लांब दोरी, तिला ठरावीक अंतरावर शेकडो गळ. प्रत्येक गळाला शिनाणे सोलून लावायचे, मग दोरी गुंता होणार नाही अशी टोपलीत गुंडाळून ठेवायची. हे बायकामुलांचं काम. होडी परतली की दोरी साफ करायची. विली लिस्टन नावाच्या मासेमाराचा दोरी साफ करतानाचा एक फोटो आहे. हातात दोरी, आणि इतका कामात गढलेला की समोर कॅमेरा आहे हे विसरला असावा असं वाटतं. विसरला नव्हता, श्वास रोखून होता. पण हात खोटं बोलत नाहीत. दोरी कशी धरायची हे त्या बोटांना ठाऊक आहे.

मासे आले की बायका टोपली भरत आणि तीनेक किलोमीटरचा चढ चढून एडिनबऱ्यात विकायला जात. आपल्याकडे पाटी डोक्यावर असते, तिथे टोपली पाठीवर आणि तिचा पट्टा कपाळावरून घेतलेला. फोटोतले ते जाड, कमरेशी खोचून वर घेतलेले परकर बघून वाटतं की ही नुसती पद्धत असेल. पण कमरेवरचा तो कपड्यांचा थर म्हणजे टोपलीखालची गादी. एकावर एक परकर घालायचे, वरचे खोचायचे आणि ओझं त्यावर टेकवायचं. पोशाखातली प्रत्येक घडी कामाला आलेली. शहरात शिरल्यावर हाक द्यायची, 'कॅलर हेरिन!' म्हणजे ताजी हेरिंग. हेरिंग हा आपल्या तारलीच्याच कुळातला मासा. कालवं असली की 'कॅलर ऊ!' दारोदार भाव करून, पैसे मोजून घरी आणायच्या त्याच. बार्बरा फ्लकर नावाच्या बाईचा कालवं फोडतानाचा फोटो आहे. फोर्थच्या खाडीत तेव्हा कालवं मुबलक होती. नंतर इतकी उपसली गेली की 20 व्या शतकात ती तिथून नाहीशी झाली. त्या फोटोतलं दृश्य आज तिथे दिसणार नाही.

गावाची स्वतःची मासेमारांची जुनी संस्था होती. कुणी आजारी पडलं, कुणी बुडालं, तर विधवेला आणि मुलांना त्यातून मदत मिळायची. असा आधार लागायचाच, कारण होड्या उघड्या होत्या. वर फळ्यांचं छप्पर नाही, लाट आत आली की होडी भरली. गावचे पाळक जेम्स फेअरबर्न यांनी लोकांना डेक असलेल्या मोठ्या होड्या घ्यायला लावण्यासाठी खूप धडपड केली. त्यांचाही फोटो आहे, मासेवाल्यांच्या घोळक्यात बसलेले. बायका त्यांच्याकडे कान देऊन आहेत. चर्चच्या फुटीचं चित्र काढायला निघालेला हिल मासेमारांच्या वस्तीत का रमला, याचं उत्तर मला या फोटोत सापडतं. त्याला एकमेकांना धरून राहणारी मंडळी हवी होती. ती त्याला सभागृहात दिसली आणि मग खाडीच्या काठावरही दिसली.

रॉबर्ट अ‍ॅडमसन 1848 च्या जानेवारीत गेला. वय फक्त 26. साडेचार वर्षांत त्या दोघांनी तीन हजारांच्या आसपास फोटो काढले होते. हिल पुढे 22 वर्षं जगला, पण तसं काम पुन्हा झालं नाही.

वीस वर्षांनी ग्लासगोमध्ये थॉमस अ‍ॅनन यांनी शहराच्या जुन्या गल्ल्यांचे फोटो काढले, 1868 ते 1871. शहर सुधारणेसाठी नेमलेल्या मंडळाने हे काम दिलं होतं, कारण त्या दाटीवाटीच्या वस्त्या पाडायच्या होत्या. फोटो अप्रतिम आहेत. ओल्या भिंती, वाळत घातलेले कपडे, मधोमध गटार. आणि त्या गटाराशी उभी मुलं, हललेली, धुरासारखी पुसट. फोटोंची नावं अशी: क्लोज नंबर 118, हाय स्ट्रीट. क्लोज म्हणजे बोळ. बोळाला नंबर आहे, माणसाला नाव नाही. न्यूहेवनचे फोटो बघताना हा फरक मला सतत जाणवतो. तिथे जीनी विल्सन आहे, अ‍ॅनी लिंटन आहे, विली लिस्टन आहे. कुणीतरी विचारलं, तुमचं नाव काय, आणि लिहून ठेवलं. कितीतरी फोटोंवर तेही नाही, पण ज्यांवर आहे त्यांच्याकडे आपण वेगळ्याच नजरेने बघतो.

1931 मध्ये जर्मन लेखक वॉल्टर बेंजामिन यांनी फोटोग्राफीवरच्या एका लेखात न्यूहेवनच्या या खाली बघणाऱ्या मासेवालीबद्दल लिहिलं. फोटोग्राफरच्या कलेपलीकडे या चित्रात काहीतरी उरतं, आणि ते या बाईचं नाव मागत राहतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी लेखात तिचं नाव दिलेलं नाही. आज ते आपल्याला माहीत आहे, एलिझाबेथ जॉन्स्टन हॉल.

1881 च्या 14 ऑक्टोबरला याच किनाऱ्यावर अचानक वादळ आलं. एका दिवसात 189 मासेमार बुडाले. बहुतेक दक्षिणेकडच्या आयमाउथ गावचे, काही न्यूहेवनचे.

त्याच्या साडेतीन दशकं आधीचा एक फोटो आहे. सँडी लिंटन आपल्या होडीला टेकून उभा आहे. होडी वाळूवर ओढून ठेवलेली. तिच्या पुढच्या टोकाखाली सावलीत तीन मुलगे बसलेत, पाय अनवाणी. फोटोचं नाव आहे, 'सँडी लिंटन, त्याची होडी आणि पोरं'. 1881 साली ती पोरं चाळिशी ओलांडलेली असणार. त्यांची नावं त्यावर लिहिलेली नाहीत.